हजेरीचा अंगठा

माझ्या अंगणात एक नळ आहे. निळ्या पाइपाचा, पितळी तोटीचा, सिमेंटच्या बुटक्या खांबाला बांधलेला. तो बसवला त्या दिवशी योजनेच्या माणसांनी नळाशेजारी उभं करून माझा फोटो काढून नेला. फोटोत मी तोटी सोडते आहे आणि पाणी येतं आहे, कारण त्या दिवशी ते खरोखर आलं होतं. पुढे पावसाळ्यात, दारापुढून पाण्याचे पाट वाहत असताना, आठवड्यातून दोनदा ते येत राहिलं. संक्रांत झाली आणि बंद पडलं. तेव्हापासून मी त्या खांबाला वासरू बांधते. सुरुवातीला वासरानंही तोटी चाटून पाहिली, मग नाद सोडला.

मला राग लवकर येतो हे मी आधीच कबूल करते. नाक्यावरच्या एसटीच्या थांब्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा एवढा मोठा बॅनर लावतात की थांबा आहे हेच ड्रायव्हरला दिसत नाही. गाडी पुढे जाते आणि आम्ही बाया पिशव्या सांभाळत तिच्यामागे धावतो. कुणाची मोटरसायकल घसरली की दुसऱ्या दिवशी तिथे गतिरोधक उभा राहतो. आमच्या गावातून शेणव्याला जाताना असे किती लागतात ते कमरेला विचारा. पांढरा पट्टा एकावरही नाही, त्यामुळे आता मोटरसायकली गतिरोधकांवरून घसरतात. घंटागाडी येते, गाणं वाजवते, लोक बाहेर येऊन गाणं ऐकतात आणि गाडी गेल्यावर कचरा ओढ्यात टाकतात. या सगळ्यावर मी अर्ज लिहिते. ग्रामपंचायतीत माझ्या अर्जांची वेगळी फाइल आहे असं ऐकते. तिच्यावर काय नाव घातलंय ते मी विचारलेलं नाही.

माझं माहेर मुरबाडकडचं. लग्न करून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर खात्यात काम केलं. आलेला माल मोजून घ्यायचा आणि चलनावर सही करायची, हे माझं काम. मोजल्याशिवाय सही नाही, हा माझा नियम. ट्रकवाले वैतागायचे, कधी हात जोडायचे, कधी आवाज चढवायचे. एकदा नटबोल्टची दोन खोकी कमी भरली म्हणून मी एका ड्रायव्हरला जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवर उभा ठेवला होता. शेवटी ती त्याच्या सीटखाली सापडली. साहेबसुद्धा म्हणायचे की बाईंची सही म्हणजे माल आला समजा. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. अजून आहे असं लिहिणार होते, पण ते आता तितकं खरं नाही.

आमच्याकडे ग्रामसभा कशी होते ते सांगते. ठरलेल्या वेळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पडते. सतरंजीवर पाच माणसं आणि एक कुत्रा येऊन बसतो. पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करतात. अर्ध्या तासानं तीच पाच माणसं आणि तोच कुत्रा असतो. पण आता सभा कायदेशीर होते, कारण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. हा नियम ज्यानं शोधला त्याला आमचं गाव चांगलं ठाऊक असणार.

बायकांची ग्रामसभा तिच्या आदल्या दिवशी असते. ती तर सतरंजीवरही होत नाही, ती आमच्या स्वयंपाकघरात होते. ग्रामपंचायतीचा शिपाई हजेरीचं रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो. ‘काकी, सही द्या,’ म्हणतो. आपण पिठाचे हात पुसतो, सही करतो, त्याला चहा देतो. बाई सभेला हजर झाली. विषय काय होते, ठराव काय झाले, हे कुणी विचारत नाही, कारण सही करताना वरची पानं कोरीच असतात. ठराव नंतर लिहितात. मी इतक्या गोष्टींवर अर्ज केले, पण या गोष्टीवर कधीच केला नाही. मला ती सोयीची वाटायची. ओट्यावर जाऊन दोन तास बसायला नको, आणि सरकारदरबारी आपण जागरूक बाई.

यंदाच्या थंडीतही तो असाच आला. मी ओटीवर वाल सोलत होते आणि समोर अंगणात वाडीवरची एक बाई वालाच्या शेंगा झोडत होती. वाडी म्हणजे गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे असलेली तीसेक घरं. त्यांना शेती नाही. ती आमच्या शेतात येतात, दिवाळीनंतर कुणी वीटभट्टीवर जातात. ही बाई मात्र लेकरं लहान असल्यापासून माझ्याकडेच येते. मी सही केली. शिपाई वाडीकडे बघत म्हणाला, ‘काकी, आता तितका लांब उन्हात जायचं.’ मला त्याची कीव आली. मी तिला हाक मारली.

‘ये गो, अंगठा लाव. त्याची तेवढीच खेप वाचंल.’

ती पदराला हात पुसत आली. रजिस्टरकडे बघून तिनं विचारलं, ‘कशाचा हाय, काकी?’

‘काय नाय गो, हजेरीचा.’

शिपायानं शाईचा पॅड उघडला. तिनं अंगठा उमटवला. अंगठ्याशेजारी नाव लिहावं लागतं, ते मी लिहून दिलं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मग ती गेली शेंगा झोडायला, आणि शिपायानं दुसरा चहा घेतला.

एप्रिल लागला. दरवर्षी या सुमाराला आमच्याकडे टँकर सुरू होतो. टँकर घरोघर फिरत नाही. गाव आणि वाडी यांच्यामध्ये जुनी विहीर आहे, तिच्यात येऊन तो पाणी ओततो आणि ते आम्ही पुन्हा पोहऱ्यानं वर काढतो. पाणी वरून खाली टाकायचं आणि खालून वर ओढायचं, यातलं शहाणपण मला कधी कळलं नाही, पण निदान पाणी असायचं. गावात आम्हा काही घरांना बोअर आहेत. वाडीला ती विहीर आणि तो टँकर, एवढंच. तालुक्यातल्या धरणांचं पाणी डोंगराआडून मुंबईला जातं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. त्यावर माझे अर्ज वेगळे आहेत.

त्या दिवसांत ती कामाला उशिरा यायला लागली. सातची यायची ती दहाला. चौथ्या दिवशी मी तोंड सोडलं. ‘काय गो, लेक बाळंतपणाला आली तर कामाची आठवण नाय होत?’

तिची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. सासर उंबरमाळीकडे, डोंगरातलं. बाळ अजून पंधरा दिवसांचंही नव्हतं. सव्वा महिना लेकीला ठेवून घ्यायची, न्हाऊ-माखू घालायचं, आणि मग बाळाला अंगडं-टोपडं करून पाठवायची, हे तिनं मला लेकीच्या सातव्या महिन्यापासून सांगून ठेवलं होतं.

ती रागावली नाही. म्हणाली, ‘टँकर नाय ना आला, काकी. हिरीत गाळ हाय नुसता. फाटंच्या पारी वड्यात जातूं. झिरा खनलाय, वाटी वाटी पानी भरतूं. बाया रांग लावून बसत्यात. दोन हंडं झालं का दहा वाजत्यात.’

झिरा म्हणजे कोरड्या ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा. तळाशी पाणी पाझरतं, ते वाटीनं खरवडून काढायचं. दोन हंड्यांत बाळंतीण, तान्हं बाळ, बाळाची लंगोटं, आणि घरातली बाकीची चार माणसं.

मला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली, आणि मला लाज वाटली की तीही रागासारखीच बाहेर पडते. मी तिला माझ्या बोअरवरून रोज दोन हंडे न्यायला सांगितलं. तिनं पहिल्या दिवशी नेले, दुसऱ्या दिवशी नेले नाहीत. म्हणाली, ‘मी येकटी न्येतंय आन बाकीच्या बघत्यात. बरा नाय वाटत.’ माझा बोअर एप्रिलात अर्धा तास चालतो आणि मग हवा ओकतो. तीस घरांना तो पुरणार नव्हता.

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. भाऊसाहेबांनी मला बघितलं आणि आपोआप खुर्ची पुढे केली. टँकरचा प्रस्ताव पाठवला का, असं विचारलं तर म्हणाले, ‘काकी, वरूनच नामंजूर आहे.’

‘का?’

‘ते तालुक्यालाच विचारा.’

विचारतेच, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला आणि वाडीवरच्या आणखी दोघींना जीपमध्ये घातलं आणि शहापूर गाठलं. जीपमध्ये मी काय काय बोलणार ते त्यांना ऐकवत होते. पहिल्यांदाच साहेबासमोर जायचं म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पंचायत समितीत टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. चांगला होता बिचारा, पाणी विचारलं, बसायला सांगितलं. मी बसले नाही. मी उभ्यानं सुरू केलं. नळाचं सांगितलं, वासराचं सांगितलं, झिऱ्याचं सांगितलं, पंधरा दिवसांच्या बाळाचं सांगितलं. म्हटलं, कुठल्या महाभागानं लिहून दिलं की आमच्या गावाला टँकर नको? त्याचं नाव मला हवं आहे. शेजारच्या टेबलांवरची माणसं कामं थांबवून ऐकायला लागली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

त्यानं शांतपणे एक फाइल काढली, दोन पानं उलटली आणि फाइल माझ्याकडे फिरवली.

ग्रामसभेचा ठराव होता. गावातील सर्व कुटुंबांना नळाद्वारे नियमित व पुरेसे पाणी मिळत असल्याची ही सभा खात्री देत आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. त्यामागे हजर महिलांची यादी होती. तिसऱ्या ओळीत माझी सही. तीच, शेवटी खाली रेघ आणि दोन टिंबं असलेली, वाशिंदच्या हजारो चलनांवर केलेली. चौथ्या ओळीत एक जांभळा अंगठा. अंगठ्याशेजारी तिचं नाव, आणि ‘निशाणी अंगठा’ हे शब्द, माझ्या चांगल्या अक्षरात.

‘तुमचीच सही ना, मॅडम?’ त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहिती हवी होती.

मी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी ट्रकच्या ड्रायव्हरांना उन्हात उभं केलं होतं, दोन खोक्यांसाठी. त्या दोन खोक्यांची मला त्या टेबलासमोर आठवण आली.

तो म्हणाला, नवीन ठराव करून आणा, पाणी येत नाही असा. मग पाहणी होईल, मग मंजुरी. सभेची नोटीस सात दिवस आधी काढावी लागते. मी मान हलवली. मला त्याच्यावर एकही अर्ज करता येण्यासारखा नव्हता.

बाहेर पिंपळाखाली तिनं विचारलं, ‘काय म्हनला साहेब?’

मी सांगितलं. घोळवून सांगायचा प्रयत्न केला, रजिस्टर, पद्धत, कोरी पानं, असं बरंच काही. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘तुमी म्हनलावता हजेरीचा हाय.’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं. परतीच्या जीपमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

सात दिवसांनी विशेष ग्रामसभा झाली. माझ्या आठवणीतली पहिली सभा, जी तहकूब करावी लागली नाही. वाडीवरच्या सगळ्या बाया आल्या, कडेवर लेकरं घेऊन. सतरंजी पुरली नाही. कुत्र्याला बसायला जागा मिळाली नाही, तो ओट्याखाली जाऊन झोपला. भाऊसाहेब गोंधळले होते. पाणी मिळतं असा ठराव लिहायचा नमुना त्यांच्याकडे छापील होता, मिळत नाही याचा नव्हता. शेवटी त्यांनी हातानं लिहिला.

शिपाई रजिस्टर घेऊन फिरायला लागला. तिच्यापुढे आला तशी तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

‘आदी वाचा,’ ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी वाचला. ‘आता झालं?’ म्हणाले.

‘त्यात आनखी लिवा,’ ती म्हणाली. ‘म्हागच्या टायमाला आमाला कुनी वाचून नाय दाखवला. काय हाय त्ये इचारला, तरी नाय सांगला.’

भाऊसाहेबांनी पेन वर धरलं. ‘कुणी नाही सांगितलं? नाव काय लिहू?’

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सतरंजीच्या दशा बोटानं सरळ करत होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. थांब्याच्या बॅनरवर बोलणारी, गतिरोधकांवर बोलणारी, घंटागाडीच्या गाण्यावर बोलणारी मी. सगळ्या गावाला माझा आवाज ठाऊक आहे. आता फक्त ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं.

मला ते म्हणता आलं नाही.

‘ऱ्हाऊद्या नाव,’ ती म्हणाली. ‘कुनी नाय, असाच लिवा.’

तसंच लिहिलं गेलं. मग तिनं अंगठा लावला. तिचं नाव भाऊसाहेबांनी लिहिलं, त्यांचं अक्षर काही खास नाही.

ठराव गेला. पाहणीला माणूस आला, माझ्या अंगणातल्या तोटीचा आणि वासराचा फोटो काढून गेला. मंजुरीची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती. मी रोज फोन करत होते. या काळात रोज पहाटे ती ओढ्यात जात होती. बाळाच्या अंगावर बारीक पुरळ उठलं, घामाचं. लेकीच्या सासूनं निरोप पाठवला की आमच्याकडे निदान झऱ्याला पाणी आहे, पोरीला पाठवून द्या. तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जावई आला.

बाळ तेव्हा महिन्याचंही नव्हतं. मी अंगडं-टोपडं आणि थोडे वाल घेऊन वाडीवर गेले. लेक निघताना माझ्या पाया पडली. मला तिला आशीर्वादही नीट देता आला नाही. तिची आई दारात उभी होती आणि म्हणत होती, ‘बस आता, बस, ऊन व्हतंय,’ जशी काही तिलाच घाई होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी टँकर आला.

मी विहिरीवर गेले होते, बघायला. ती माझ्याआधीच येऊन उभी होती. टँकरच्या प्रत्येक खेपेचा एक कागद असतो. पाणी मिळालं म्हणून त्यावर गावातल्या बायकांच्या सह्या लागतात. ड्रायव्हरला पुढच्या गावाची घाई होती. पाइप अजून विहिरीत सोडला नव्हता तेवढ्यात तो कागद घेऊन खाली उतरला आणि तिच्यापुढे धरला.

‘पयला पानी,’ ती म्हणाली.

‘अहो मावशी, पाणी काय पळून जातंय? अंगठा लावा, तोवर मी पाइप सोडतो.’

‘पयला पानी पडंल. मंग मी हिरीत बघीन. मंग अंगठा.’

ड्रायव्हर वैतागला. इकडेतिकडे बघितलं, चष्मा लावलेली मी त्याला दिसली. तो सरळ माझ्याकडे आला. ‘काकी, तुम्ही करा ना सही. तुम्हाला लिहिता-वाचता येतं. तेवढीच माझी खेप लवकर होईल.’

त्यानं पेनही पुढे केलं. आणि मी ते घेतलं. टोपण काढलं, कागद कठड्यावर ठेवला, आणि ओळीवर टोक टेकवलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

मी टोपण लावलं आणि पेन त्याला परत दिलं. त्यानं पाइप विहिरीत सोडला आणि पाणी पडायला लागलं. ती कठड्यावर ओणवी झाली आणि पाणी किती चढतंय ते बघत राहिली, टँकर रिकामा होईपर्यंत.